मशीनचा दुपारचा संप

समुद्राकाठच्या शहरात वस्तू म्हाताऱ्या होत नाहीत, थेट गंजतात. खारा वारा खिडकीतून आत शिरतो तो काही फक्त माणसांना गार करायला नाही. स्क्रू, तारांची टोकं, पंख्याची पाती, जे हाती लागेल ते तो कुरतडत बसतो. त्यात घरी बर्फ करायचं मशीन म्हणजे पाण्यावर जगणारं आणि वाऱ्यात उभं राहणारं. त्याला दोन्हीकडून मार. खालून पाण्यातले क्षार, वरून हवेतलं मीठ. अशा गावात ही मशीनं दुरुस्त करणारी बाई उपाशी मरणार नाही हे उघड होतं, आणि ती मरतही नव्हती. तिला सगळे बर्फवाली म्हणत.

बर्फवाली हे काम बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात शिकली. मासेमारीच्या बोटींना लागणाऱ्या लाद्या जिथे निघतात तिथे ती अठरा वर्षं पंप आणि कॉम्प्रेसरच्या संगतीत होती. तिथल्या फोरमनने तिला एकच गोष्ट शिकवली होती: "आधी बस. मग उघड." कारखाना बंद झाला, फोरमन गेला, पण हे वाक्य तिने सोडलं नाही. ती कुठल्याही घरी गेली की पिशवीतलं घडीचं स्टूल काढायची, मशीनसमोर मांडायची, घरच्यांना म्हणायची, "तुम्ही रोज करता तसंच सुरू करा." आणि मग हाताची घडी घालून तास-दीड तास नुसती बघत राहायची. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटायचं, बाई कामाला आलीय की पाहुणचाराला?

कंपनीची पोरं तिला हसायची. त्यांना एका घरात वीस मिनिटं, जास्त थांबलं तर फोनच ओरडायचा. ही पोरं आल्याबरोबर मशीन उघडत, आतला सर्किटबोर्ड बदलत, आणि तरी चाललं नाही तर "नवीन घ्या" म्हणून मोकळी होत. बर्फवालीला याचा मनापासून संताप होता. "नाडी बघायच्या आधी पोट फाडणारा डॉक्टर तुम्ही घरात घ्याल का?" असं ती गिऱ्हाइकांना तोंडावर विचारायची. ती तिरसट होती, हे कबूल करायला हवं. पण तिने हात लावलेलं मशीन बोलत असे.

त्या सोमवारी तिला फोन आला तो एका म्हाताऱ्या पण खणखणीत आवाजाचा.

"माझं बर्फाचं मशीन रोज दुपारी पावणेचारच्या आसपास बंद पडतं आणि साडेपाचच्या आत आपोआप सुरू होतं. भांडं रिकामं असताना भरल्याचा लाल दिवा लागतो. कंपनीचा माणूस सकाळी दहाला आला, त्याच्यासमोर छान चाललं. मशीनला काही झालेलं नाही, असं लिहून गेला. मी वेडी नाहीये."

हे शेवटचं वाक्य कोणी उगाच बोलत नाही. बर्फवालीने पिशवी उचलली.

घर समुद्राच्या भिंतीसमोरच्या जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर होतं. बाई एकट्या राहत होत्या. वय अठ्ठ्याहत्तर, अंगाने काटकुळ्या, उजवा गुडघा सुजलेला. बत्तीस वर्षं त्यांनी बंदराच्या कचेरीत भरती-ओहोटीच्या नोंदी ठेवल्या होत्या. पाणी किती वाजता किती चढलं, किती वाजता उतरलं. निवृत्त झाल्या तरी सवय जाईना. रोज दुपारी चारला गुडघ्याला बर्फ लावायचा, साडेपाचला तीन मजले उतरून समुद्राच्या भिंतीपाशी जायचं, दगडावरची पाण्याची खूण बघायची आणि वर यायचं. बस्स, एवढाच त्यांचा हट्ट. इमारतीतले लोक त्यांना नोंदवाल्या काकू म्हणत.

काकूंनी वही पुढे केली. बारीक, सरळ अक्षरात अकरा दिवसांची नोंद होती. बंद: तीन पन्नास. तीन एकोणपन्नास. तीन अठ्ठेचाळीस. तीन सेहेचाळीस. एका दिवशी लिहिलं होतं, "आज बंद पडलं नाही. आकाश ढगाळ." मग पुन्हा बंद, आणि कालची शेवटची नोंद: तीन एकोणचाळीस.

"ढगाळ कशाला लिहिलंत?" बर्फवालीने विचारलं.

"बत्तीस वर्षं रोज लिहिलंय. हात आपोआप लिहितो."

तेवढ्यात आतल्या खोलीतून त्यांचा मुलगा आला. पन्नाशीचा, दमलेला, सभ्य माणूस. तो समुद्रापासून पाच तासांवरच्या गावात राहत होता, आणि गेले दोन आठवडे इथेच येऊन राहिला होता. त्याने बर्फवालीला बाहेर जिन्यात नेलं.

"ताई, तुम्हाला स्पष्ट सांगतो. आई विसरायला लागलीय. गेल्या महिन्यात गॅस चालू राहिला. आता हे मशीनचं. पाणी घालायला विसरते, चुकीचं बटण दाबते, आणि मग वहीत वेळा लिहीत बसते. परवा मला म्हणाली, आधी वाटलं याचा भरतीशी काही संबंध आहे का. मशीनचा आणि भरतीचा! मी तिला माझ्याकडे न्यायचं ठरवलंय. शनिवारी घर घेणारी मंडळी येणार आहेत, त्याच दिवशी ती कागदावर सही करणार आहे. तयार होत नव्हती, पण आता तिचीच खात्री डळमळायला लागलीय."

"मग बरंच झालं की तुमच्या दृष्टीने," बर्फवाली म्हणाली.

त्याला ते लागलं. "मला आनंद होतोय असं वाटतं का तुम्हाला?"

तसं वाटत नव्हतं, हीच तर पंचाईत होती. वाईट माणसाशी भांडणं सोपं असतं.

ती आत आली. मशीन खिडकीच्या समोरच्या भिंतीपाशी, उंच टेबलावर होतं. तिने मशीन आणि खिडकी यांच्यामध्ये आपलं स्टूल मांडलं, खिडकीकडे पाठ केली आणि बसली. तीन वाजले होते. काकू दाराजवळच्या खुर्चीवर. पाणी आत चढलं, घरघर झाली, आठ मिनिटांनी बर्फाचे नऊ तुकडे खळकन खालच्या भांड्यात पडले. पुन्हा पाणी, पुन्हा खळकन. साडेतीन वाजले, पावणेचार झाले, चार वाजले. लाल दिवा काही लागला नाही. खालचं भांडं निम्मं भरलं. काकूंनी मांडीवरची वही मिटली.

आता इथे बर्फवालीने चूक केली. रिकाम्या भांड्याला मशीन भरलेलं समजतं, म्हणजे त्याचे डोळे खराब, असा तिने हिशेब मांडला. या मशीनला आत दोन बारीक डोळे असतात, समोरासमोर. एक आपल्याला न दिसणारा प्रकाश सोडतो, दुसरा तो बघतो. मध्ये बर्फाचा ढीग आला की प्रकाश अडतो, मशीन म्हणतं भांडं भरलं, आणि थांबतं. तिने दोन्ही डोळे बदलले. व्हिनेगरचं पाणी फिरवून आतला पांढरा थर काढला, हिरवी पडलेली तारांची टोकं घासली, काकूंना सांगितलं की महिन्यातून एकदा असं धुवायचं आणि रात्री पाणी काढून झाकण उघडं ठेवायचं. काम चोख होतं, त्यात वादच नाही.

"आता नक्की?" मुलाने विचारलं.

"पुन्हा बंद पडलं तर नाव बदलीन," बर्फवाली म्हणाली. तिच्या बोलण्यात तोरा होता.

दुसऱ्या दिवशी पावणेचारला काकूंचा फोन आला. आवाजातला खणखणीतपणा गेला होता. "तीन सदतीसला लाल दिवा लागला. तू एवढं केलंस, तुझ्यासमोर चाललं. म्हणजे आता माझंच काहीतरी चुकत असणार, नाही का?"

पाच मिनिटांनी मुलाचा फोन. "ताई, कृपा करून आता येऊ नका. तुम्ही आलात की तिला उगीच आशा वाटते."

बर्फवालीला तीन दिवस अन्न गोड लागलं नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आपण गेलोच नसतो तर म्हाताऱ्या बाईचा स्वतःच्या डोळ्यांवर थोडा तरी विश्वास उरला असता. आपण गेलो, डोळे बदलले, छाती ठोकून सांगितलं, आणि त्यांच्या विरुद्ध दुसरी साक्ष देऊन आलो. कंपनीचा माणूस निदान वीस मिनिटांतच चुकला होता. हिने दोन तास बसून माती खाल्ली होती.

शनिवारी दुपारी तिने पिशवी उचलली. येऊ नका म्हणाले होते? म्हणू देत. ज्याचं काम अर्धं राहिलंय त्याला कोणाच्या परवानगीची गरज नसते, असं तिचं मत होतं, आणि ते कायद्यात बसतं की नाही हे बघायला ती थांबली नाही.

दार काकूंनीच उघडलं. मुलगा घर घेणाऱ्यांना आणायला बाहेर गेला होता. टेबलावर कागद होते आणि त्यांच्यावर पेन. भिंतीवरची दोन चित्रं उतरवलेली होती.

"कशाला आलीस गं?" काकू म्हणाल्या. "आता राहू दे. सव्वाचारला ती मंडळी येतील. मी सही करून टाकणार आहे."

"करा की. तुमचं घर, तुमची सही. पण मला माझं मशीन बघू द्या."

"तुझं मशीन?"

"मी नाव बदलीन म्हणाले होते. या वयात नवीन नाव शोधू कुठे?"

काकू जरा हसल्या. बर्फवालीने स्टूल मांडलं, त्याच जागी, खिडकीकडे पाठ करून. मशीन सुरू केलं. तीन वीस. तीन तीस. काकूंच्या वहीप्रमाणे आज तीन तेहेतीसला बंद पडायला हवं होतं. तीन तेहेतीस झाले. मशीन मजेत चाललं होतं. तीन चाळीसला बर्फ खळकन पडला.

"बघ," काकू हळूच म्हणाल्या. "तू असलीस की चालतं. मी असले की बंद पडतं. मशीन तर काही माणूस ओळखत नाही. मग राहिलं कोण? मीच." त्यांचे डोळे भरून आले. बर्फवालीला रडणाऱ्या माणसाशी बोलता येत नसे. ती उठली आणि त्यांच्यासाठी पाणी आणायला आत गेली.

ती पेला घेऊन परत आली, तेव्हा लाल दिवा लागला होता.

ती दारातच थबकली. खालच्या भांड्यात जेमतेम दोन मुठी बर्फ होता. मशीनसमोर स्टूल होतं, स्टुलावर कोणी नव्हतं, आणि खिडकीतून आलेलं ऊन रिकाम्या स्टुलावरून थेट मशीनच्या पारदर्शक झाकणावर पडलं होतं. तिने पेला काकूंच्या हातात दिला, जाऊन स्टुलावर बसली. तिची सावली झाकणावर पडली. थोड्या वेळाने लाल दिवा विझला आणि पाणी आत चढलं.

ती उठली. दिवा लागला. बसली. विझला.

"अगं, हे काय चाललंय तुझं?" काकूंनी विचारलं.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा चाललाय काकू! मीच. मीच मध्ये बसत होते!" तिने कपाळावर हात मारला. "आत ते दोन डोळे असतात ना, त्यातल्या बघणाऱ्या डोळ्यात सरळ ऊन जातंय. आपण उन्हाकडे तोंड केलं की समोरचा माणूस दिसत नाही, तसं त्याला समोरच्या डोळ्याचा प्रकाश दिसत नाही. त्याला वाटतं मध्ये बर्फ आलाय. भांडं भरलं. थांबा. आणि मी दीड शहाणी, खिडकीला पाठ लावून बसते आणि म्हणते, मशीन तर छान चालतंय! तुमचं काही चुकलेलं नाही. अकरा दिवसांत एक मिनिट चुकलेलं नाही."

काकूंनी वही उघडली. त्यांचं बोट ओळींवरून फिरलं. "रोज मिनिट-दीड मिनिट अलीकडे," त्या पुटपुटल्या. "भरती रोज पाऊण तासाहून जास्त पुढे सरकते, म्हणून मी दुसऱ्याच दिवशी भरती खोडली होती. सूर्याचं नावच मनात आलं नाही. बत्तीस वर्षं खालीच बघितलं ना, पाण्याकडे." आणि मग त्यांनी बोट एका ओळीवर ठेवलं. "ढगाळ."

"ढगाळ," बर्फवाली म्हणाली. "तुम्ही लिहिलं होतंत. मी वाचलं होतं. माझ्या डोक्यात शिरलं नाही."

"पण ऊन तर दरवर्षी येतं. मशीन चार वर्षं इथेच आहे."

दोघींनी एकदमच वर पाहिलं. खिडकीच्या वर दोन रिकामे हूक होते. तिथे वेताचा जाड पडदा असायचा, कायम खाली सोडलेला. मुलाने तो आल्याच्या दुसऱ्या दिवशी काढला होता. एजंट म्हणाला होता, घर विकायचं तर फोटोत समुद्र दिसला पाहिजे.

काकूंनी डोळे पुसले, आणि टेबलावरचं पेन उचलून वहीत खोचलं.

सव्वाचारला मुलगा आला. बरोबर एजंट आणि घर घ्यायला आलेलं एक जोडपं. बर्फवालीला बघून त्याचा चेहरा उतरला. "ताई, मी तुम्हाला सांगितलं होतं."

"सांगितलं होतंत. मी ऐकलं नाही."

"बस," काकू मुलाला म्हणाल्या. आवाज पुन्हा खणखणीत झाला होता. "तिथे, त्या स्टुलावर. मशीनकडे तोंड करून."

"आई, ही मंडळी—"

"त्यांनाही बघू दे. फुकट आहे."

तो बसला. बाहेरच्या लोकांसमोर आईशी वाद नको म्हणून बसला, हे दिसत होतं. लाल दिवा विझला. पाणी आत चढलं. "ऊठ," काकू म्हणाल्या. तो उठला. दिवा लागला. "बस." विझला. तिसऱ्यांदा तो सांगायच्या आधीच उठला, झाकणावरचं ऊन बघितलं, मागे वळून खिडकी बघितली, आणि त्याची नजर त्या दोन हुकांवर जाऊन थांबली. एजंट घड्याळ बघत होता. जोडप्यातली बाई मात्र पुढे येऊन वाकून मशीन बघायला लागली.

"पडदा," मुलगा म्हणाला. "आई, पडदा मी काढला."

"हो."

"आणि मी तुला म्हणत होतो की तू—"

"म्हणत होतास. आणि मी तुझं मानायला लागले होते. त्याचा जास्त राग आलाय मला. तुझा नाही, माझा." काकू काठी टेकून उभ्या राहिल्या. "गॅस राहिला होता, ते खरं. ती चूक माझी, ती मी वहीत लिहून ठेवलीय, तारीख-वेळेसकट. माझ्या चुका मी मोजीन. दुसऱ्या कोणाच्या माझ्या नावावर चढवायच्या नाहीत."

टेबलावरचे कागद त्यांनी उचलले, नीट जुळवले आणि एजंटच्या हातात दिले. एजंट म्हणाला, "काकू, पण बोलणं झालंय," आणि त्यावर बर्फवाली पहिल्यांदाच मध्ये पडली. "बोलणं काकूंशी झालंय का? नाही ना? मग त्यांच्याशी बोला ज्यांच्याशी झालंय." जोडप्याने एकमेकांकडे बघितलं आणि ते हळूच जिन्याकडे निघाले. एजंटला त्यांच्या मागे जावंच लागलं.

मुलगा खाली मान घालून उभा होता. कान लाल झालेले. मग त्याने हुकांकडे बोट केलं. "पडदा माळ्यावर आहे. काढतो. आत्ता लावतो."

"नको," काकू म्हणाल्या.

तो आणि बर्फवाली, दोघंही चमकले.

काकू खिडकीपाशी गेल्या. समोर पाणी चढत होतं. भिंतीच्या खालच्या तीन पायऱ्या बुडाल्या होत्या आणि चौथीच्या काठाला फेस लागला होता. दोन-अडीच आठवड्यांपूर्वीपर्यंत ते बघायला त्यांना तीन मजले उतरावे लागत. आता खुर्चीतूनच दिसत होतं.

"तेवढं एक काम तू बरं केलंस," त्या मुलाला म्हणाल्या. "पडदा माळ्यावरच राहू दे. ते मशीन उचल आणि तिकडे आतल्या कोपऱ्यात ठेव, जिथे ऊन येत नाही."

"आणि तू?"

"मशीन हलव," काकू म्हणाल्या. "मी हलणार नाही."

बर्फवालीने वायर काढून गुंडाळली आणि मशीनची एक बाजू धरली. दुसरी मुलाने धरली. आत पाणी डुचमळलं, बर्फ खडखडला. काकू खिडकीतच उभ्या राहून वहीत वेळ लिहीत होत्या.